आठाच्या वर

शीर सापडेना. रक्त घेणाऱ्या मुलीने डाव्या दंडाला रबरी पट्टा बांधला, मूठ वळायला लावली, कोपराच्या खोबणीत दोन बोटांनी टकटक केलं, मग पट्टा सोडून उजव्या दंडाला बांधला आणि पुन्हा डाव्याकडे आली. तोवर मला काही वाटलं नव्हतं. गेलं वर्षभर या खुर्चीत बसून मी इतकं रक्त दिलंय की सुई टोचताना खिडकीबाहेर बघायचीही गरज उरलेली नाही. पण तिने अगदी हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं म्हटलं, "काका, तुमच्या शिरा तर दोरीसारख्या असायच्या. आज कुठे गेल्या? पाणी प्यायला नाहीत का?" आणि माझ्या काळजात धस्स झालं. प्यायलो की, म्हणालो, दोन पेले पिऊन निघालोय. बोलताना जीभ टाळूला चिकटली आणि सुटताना टच् असा आवाज झाला. तो तिला ऐकू गेला असणार असं मला वाटलं, पण ती उठली, गरम पाण्यात भिजवून पिळलेला कपडा तिने माझ्या हातावर ठेवला आणि शेजारच्या खुर्चीतल्या म्हाताऱ्याकडे वळली. मी त्या कपड्याकडे बघत बसलो. त्यातून पाण्याचा एक ओघळ मनगटावरून खाली आला, बोटाच्या टोकाशी थांबला, आणि माझी सगळी बुद्धी त्या थेंबापाशी जाऊन बसली. साठीला टेकलेला माणूस, एका लेकीचा बाप, आणि बोटावरचा थेंब चाटावा की नाही यावर विचार करतोय. चाटला नाही. तहानेपेक्षा भीती मोठी होती. तिसऱ्या टोचणीला तळहाताच्या मागच्या बाजूला एक बारीक शीर लागली आणि रक्त आलं, पण कसं, तर नाइलाजाने आल्यासारखं. जांभळ्या टोपणाच्या नळीत ते हळूहळू चढत होतं. मला ते नेहमीपेक्षा काळपट वाटलं, आणि मुलीलाही वाटलं तर, या विचाराने मला घाम यायला हवा होता. पण घामही आला नाही. घामाला पाणी लागतं.

मला जे झालंय त्याचं नाव लांबलचक आहे. घरात आम्ही त्याला नुसतं 'ते' म्हणतो. हाडांच्या आत रक्त तयार होण्याची जी जागा असते तिने काम बंद पाडलंय, एवढं मला कळतं. पहिलं औषध काही महिने लागू पडलं, दुसरं पडलंच नाही. आता एक नवीन औषध आहे, अजून दुकानात न आलेलं, आणि त्याची चाचणी या रुग्णालयात चालू आहे. आमच्या मुलीने ते शोधून काढलं. ती दुसऱ्या गावी नोकरी करते आणि फोनवर माझ्याशी असं बोलते की जणू मी परीक्षेला बसलेला तिचा धाकटा भाऊ आहे. चाचणीत शिरायला रक्ताच्या अटी आहेत, चांगल्या पानभर आहेत, पण माझ्या मानगुटीवर बसली ती एकच: हिमोग्लोबिन आठ किंवा आठाच्या वर. माझं आलं सात पॉइंट आठ. शाळेत गणितात मी काठावर पास व्हायचो, पण व्हायचो. इथे काठावर नापास. बाहेरचं रक्त चढवलं तर, असं बायकोने लगेच विचारलं. तिचा गट जुळतो, आणि विचारता विचारता तिने बाही वर करायला घेतलीही होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, तसं चालत नाही, तपासणीच्या आधी ठरावीक दिवसांत चढवलेलं रक्त धरत नाहीत. आठ यांचे स्वतःचे हवेत. का, तेही त्यांनी समजावलं. हे औषध सुरू झालं की पहिले काही आठवडे रक्त आधी आणखी उतरतं आणि मग, लागू पडलं तर, वर येतं. आठाच्या खाली असलेला माणूस ते उतरणं सोसेलच असं नाही. म्हणजे ती रेघ आम्हाला बाहेर ठेवायला मारलेली नव्हती, वाचवायला मारलेली होती. ऐकताना मला हे अगदी पटलं. घरी पोचेपर्यंत पटेनासं झालं. सोमवारी पुन्हा एकदा तपासू, असं त्या म्हणाल्या होत्या, कारण मंगळवारी नावं घेणं बंद होणार होतं. तोवर बायकोने मला पालक, बीट आणि डाळिंब यांच्या ताब्यात दिलं. मी खात होतो. पण सात पॉइंट आठचे आठ पॉइंट शून्य व्हायला भाजीला जेवढे दिवस लागतात तेवढे हातात नव्हते, हे मला कळत होतं आणि तिलाही कळत होतं, आणि आम्ही दोघं बिटाच्या चवीबद्दल बोलत होतो.

मी बॉयलर सांभाळतो. मोठा धुलाई कारखाना आहे, हॉटेलांच्या चादरी आणि दवाखान्यांचे कपडे वाफेवर धुणारा. उभा जन्म त्या वाफेत गेला. 'ते' झाल्यापासून मला खुर्ची दिलीय. बाकीची कामं दुसरे करतात, मी फक्त पाण्याची काच बघतो. बॉयलरच्या अंगाला एक उभी काचेची नळी असते, आत पाणी किती आहे ते तिच्यात दिसतं. वाफ होऊन पाणी जातं, पण पाण्यातला क्षार जात नाही. पाणी उतरत जातं तसं उरलेलं दाट होत जातं, म्हणून दर पाळीला खालचा नळ उघडून थोडं दाट पाणी सोडून द्यायचं. हे मला झोपेतही कळतं. शुक्रवारी दुपारी त्या काचेसमोर बसलो असताना मला वाटलं, रक्त म्हणजे तरी काय, पाणीच की. त्यातलं लाल वाढवता येत नसेल तर पाणी कमी करता येईल. तेवढंच लाल, पण कमी पाण्यात. आकडा आपोआप वर. डोक्यात हा हिशोब जुळला तेव्हा मला माझी हुशारी इतकी आवडली की मी बऱ्याच दिवसांनी शीळ घातली. मग एकदम गप्प झालो, कारण हुशारीच्या मागोमाग भीती आली होती आणि ती माझ्याच खुर्चीत माझ्याबरोबर बसली होती. बॉयलरवाल्याला शिकवलेली पहिली गोष्ट एकच: पाणी कमी पडू द्यायचं नाही. बाकी काही विसरलात तरी चालेल. आणि मी नेमकं तेच करायचं ठरवत होतो. पण मनाला पटवायला मी वकील आहे. मी म्हटलं, बॉयलर लोखंडाचा असतो, माणूस लवचिक असतो.

शनिवारी संध्याकाळी शेवटचा चहा घेतला आणि थांबलो. अवघड तहान नव्हती, अवघड बायको होती. पाण्याच्या बाबतीत ती हुकूमशहा आहे. लग्न झाल्यापासून मी घरात कुठेही बसलो तरी माझ्या उजव्या हाताशी पाण्याचा पेला येऊन उभा राहतो, आणि तो रिकामा झाला नाही तर चौकशी होते. रविवारी मी ते पेले मोरीत नळ सोडून ओतले, खिडकीतल्या कुंडीत ओतले, एकदा तर घाईत स्वतःच्या चपलेत. कुंडीतल्या झाडाची चंगळ झाली. आंघोळीला ओठ घट्ट मिटून उभा राहिलो, कारण एक थेंब जरी आत गेला तरी मी तोंड उघडून नळाखाली लटकेन याची मला खात्री होती. दुपारी पडलो तर भिंतीच्या आत पाणी ऐकू यायला लागलं. वरच्या मजल्यावर कोणी भांडी घासत होतं, शेजारी कोणी टाकी भरत होतं, कुठलातरी नळ नीट बंद केलेला नव्हता. एवढी वर्षं या घरात राहून मला माहीत नव्हतं की हे घर आतून वाहतं. जीभ जाड झाली, तोंडात कोणाचा तरी मोजा कोंबल्यासारखी. गिळायला गेलो की घशाच्या दोन भिंती एकमेकींना चिकटत. जिन्यात छाती अशी धडधडली की मी कठडा धरून उभा राहिलो आणि खालच्या मजल्यावरच्या बाईंना उगाचच म्हणालो, काय, बरं आहे ना? संध्याकाळी लघवी झाली ती काळ्या चहासारखी, आणि खरं सांगतो, मी खूश झालो. दाट होतंय, म्हटलं. मग आरशात ओठ बघितले. मला वडील आठवले. त्यांचे ओठ शेवटी असेच झाले होते, पापुद्रे सुटलेले, आणि आई ओल्या कापसाने ते पुसायची तेव्हा ते लहान मुलासारखे कापूस चोखायचे. मी दिवा बंद केला. मला तेव्हा पहिल्यांदा स्वच्छ कळलं की मी मरणाला इतका घाबरलोय की ते लांब ठेवायला त्याचाच चेहरा लावून बसलोय. कळलं, पण उपयोग काय? कळल्याने आठ होत नाहीत.

रक्त देऊन बाहेर आलो तर बायको बाकावर होती. तिने बाटली पुढे केली. आता तरी प्या, म्हणाली, तोंड बघा कसं झालंय. आता प्यायला खरं तर हरकत नव्हती. पण मला वाटलं, नळी फुटली तर? रक्त गोठलं, पुन्हा द्या असं म्हणाले तर? मी बाटली तोंडाला लावली, ओठ ओले केले आणि घसा उगाचच वर-खाली हलवला. ओठांवरचं ते पाणी मी नंतर बराच वेळ जिभेने शोधत होतो. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं, त्याच्याखाली चार-पाच माणसं बसलेली. प्रत्येकाच्या दंडाला कापसाचा बोळा चिकटवलेला. कोणी कोणाला आपला आकडा विचारत नव्हतं. आणि मला, का कोण जाणे, कारखान्यातली बऱ्याच वर्षांपूर्वीची एक दुपार आठवली. काचेत पाणी दिसत होतं, अर्ध्यावर, अगदी जिथे हवं तिथे. पण आवाज बदलला होता. बॉयलर नेहमी गुरगुरतो, तो त्या दिवशी कोरडं खाकरत होता. मी काचेचा खालचा नळ उघडून बघितला आणि काचेतलं पाणी निघून गेलं ते परत आलंच नाही. काचेची वाट आतून क्षाराने बुजली होती. तिच्यात दिसणारं पाणी जुनं होतं, तिथेच अडकून उभं राहिलेलं, आणि आत बॉयलर जवळजवळ कोरडा होता. आम्ही आग बंद केली आणि पळालो. रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिलो. काही झालं नाही, हळूहळू थंड झाला तो. पण माझे गुडघे संध्याकाळपर्यंत हलत होते, आणि ते बॉयलरमुळे नव्हते. इतका वेळ मी त्या काचेकडे समाधानाने बघत बसलो होतो, त्यामुळे होते. आता त्या दाराआड कोणीतरी माझी जांभळ्या टोपणाची नळी यंत्रात ठेवत असेल, आणि यंत्र बिचारं त्याला दिसेल तेच सांगणार. त्यावर विश्वास ठेवून डॉक्टरबाई मला ते औषध देणार. रक्त आधी आणखी उतरणार. कुठून उतरणार, ते फक्त मला माहीत असणार.

चाचणीची कामं बघणारी ताई कॉरिडॉरच्या टोकाकडून येताना दिसली. ती हसत होती. जवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "काका, आठ पॉइंट तीन." बायकोने माझा हात धरला आणि दुसऱ्या हाताने पदर डोळ्यांना लावला. मग तिने मुलीला फोन लावला, आकडा सांगितला. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. बायको फोनवर हसत रडत होती आणि मला खूण करत होती, बोला, बोला ना तुम्ही. मी फोन घेतला. "बाबा," मुलगी म्हणाली, "मला वाटलंच होतं तू करशील." मी हं म्हणालो. आनंद व्हायला हवा होता, तो कुठेतरी झालाही असेल, पण माझ्यापर्यंत पोचला नाही. खोटं पास झालं होतं, आता ते अंगावर घालून फिरायचं होतं. फोन ठेवतोय तोच ताई परत आली. या वेळी हसत नव्हती. डॉक्टरांनी दोघांनाही आत बोलावलंय, म्हणाली.

डॉक्टरबाईंनी दार लावून घेतलं. पाणी पिता ना नीट, असं त्यांनी बसता बसता विचारलं. मी काही बोलायच्या आत बायकोने अभिमानाने उत्तर दिलं, मी स्वतः देते, पेले मोजून. मग त्या म्हणाल्या की हिमोग्लोबिन बसलंय, पण किडनीचा आकडा बसत नाहीये. क्रिएटिनिन गेल्या आठवड्यात एक पॉइंट एक होतं, आज एक पॉइंट नऊ आहे. अट दीडच्या आत आहे. आठवडाभरात एवढं चढणं त्यांना आवडलं नव्हतं. कधी कधी हा आजार तिकडेही हात घालतो, म्हणाल्या, सोनोग्राफी करू, आजच दाखल करून घेऊ, चाचणीचं मग बघता येणार नाही. त्यांच्या आवाजात काळजी होती, आणि ती खरी होती, म्हणून मला त्यांच्याकडे बघवेना. मी टेबलाच्या कडेला बघत होतो. जांभळ्या टोपणाच्या नळीमागे दुसरी एक नळी भरली होती आणि मी तिच्याकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं. पाणी कमी झालं की लाल दाट होतं, तसं बाकीचंही दाट होतं, एवढं बॉयलरवाल्याला सुचू नये. इकडे आड, तिकडे विहीर. गप्प बसलो तर किडनीने बाहेर, बोललो तर आठाने बाहेर. गप्प बसण्यात एक फायदा होता, माझा मूर्खपणा माझ्यापाशी राहिला असता, आणि माणूस बुडताना अब्रूचं गाठोडं सोडत नाही हे मी त्या खोलीत स्वतःवरून शिकलो. मी गप्पच बसणार होतो. तेवढ्यात बायको बोलली. तिचा आवाज अगदी साधा होता, बाजारात भाव विचारावा तसा.

"डॉक्टर, माझी एक घेता येईल का? रक्तगट जुळतो आमचा."

आणि पुन्हा तिचा हात बाहीकडे गेला. किडनी बाहीत नसते हे तिलाही माहीत होतं, पण हात सवयीने गेला. ते मला सहन झालं नाही.

"मी पाणी प्यायलो नाही," मी म्हणालो. "शनिवारपासून. आठ व्हावेत म्हणून."

डॉक्टरबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "काका, या आकड्यावर मी औषध सुरू केलं असतं तर पहिल्या पंधरवड्यातच..." आणि पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं. ते मी मनात पूर्ण केलं. मग त्यांनी सांगितलं की आजचे दोन्ही आकडे त्या धरणार नाहीत. आता बाहेर जाऊन पाणी प्यायचं, एकदम नाही, थोड्या थोड्या वेळाने, पण रात्रीपर्यंत भरपूर. उद्या सकाळी दोन्ही पुन्हा, आणि जे येईल ते शेवटचं. काकू, तुम्ही लक्ष ठेवा, असं त्या बायकोला म्हणाल्या.

बाहेर पाण्याच्या यंत्रापाशी आलो तेव्हा बायको हसत होती. म्हणजे किडनी चांगली आहे, म्हणाली, किडनीला काहीच झालेलं नाही, आणि तिने माझ्या पाठीत एक जोराचा धपाटा घातला. माझ्या पेल्यांचं काय केलंत ते घरी गेल्यावर सांगा म्हणाली, मेलं ते झाड उगाच नाही तरारलं. तिने कागदी पेला यंत्राखाली धरला. पाणी पडायला लागलं, आणि मध्येच तिने बोट उचललं. पाणी थांबलं. ती त्या पेल्याकडे बघत राहिली.

"हे प्यायलं की तो आकडा खाली येणार?"

"येणार."

"आठाच्या खाली?"

"बहुतेक."

कॉरिडॉरमध्ये कोणी नव्हतं. तिने डॉक्टरबाईंच्या दाराकडे एकदा बघितलं, मग पेला तिरका केला आणि होतं त्यातलंही अर्धं खालच्या जाळीत ओतून टाकलं. "एवढंच प्या," ती कुजबुजली. "उद्यापर्यंत असं थोडं थोडं. किडनीपुरतं. मधलं काहीतरी जमेल." तिच्या तोंडावर शुक्रवारची ती माझी हुशारी होती, तशीच्या तशी, आणि तिच्या मागोमाग आलेली भीतीसुद्धा. आयुष्यभर माझ्या हाताशी पाणी आणून ठेवणारी बाई माझ्यासमोर पाणी ओतून देत होती. इतका मी रिपोर्टला घाबरलो नव्हतो, किडनीला नव्हतो, औषधालाही नव्हतो. तिला घाबरवायचं नाही म्हणून मी खरं बोललो होतो, आणि ते ऐकून तिला माझ्याच भयाची लागण झाली होती.

मी तेवढं पाणी प्यायलो. ते तोंडातच संपलं, घशापर्यंत गेलंच नाही.

"मला तहान लागलीय गं," मी म्हणालो.

ती हलली नाही. मग तिने माझ्या हातातून पेला घेतला, यंत्राखाली धरला आणि काठोकाठ भरला, इतका की देताना तिच्या बोटांवरून सांडला. मी पीत असताना ती माझ्या गळ्याकडे बघत होती आणि प्रत्येक घोटाला तिचे ओठ हलत होते. आठ पॉइंट तीन, आठ पॉइंट दोन, आठ पॉइंट एक असं ती मोजत होती की मला काही म्हणत होती, ते मी विचारलं नाही. पेला रिकामा करून तिच्या हातात दिला आणि म्हणालो, अजून एक.